केली मॉर्गन (वेल्स) हिच्या करिअरबद्दल कोणी सांगेल का? मुलीसाठी विचारतेय

कॉलेजरोडची_आई

नमस्कार मंडळी, नाशिकहून लिहितेय. थोडं लांबेल, पण वाचा प्लीज.

माझी मुलगी चौदाची आहे, सहा वर्षं झाली बॅडमिंटन खेळतेय. जिल्ह्यात तिचं बरं चाललंय, पण गेल्या महिन्यात पुण्याला एका स्पर्धेला गेलो आणि दुसऱ्याच राउंडला २१-९, २१-११. मॅच संपल्यावर रडली वगैरे नाही. गाडीत गप्प बसून होती, आळेफाटा आला तरी एक शब्द नाही, मग संगमनेरच्या आसपास एकदम म्हणाली, आई नाशिकमधून यात कोणी मोठं झालंय का गं? मी म्हटलं कविता राऊत आहे की, दत्तू भोकनळ आहे, विदित आहे. तर म्हणे एक धावते, एक नाव वल्हवतो, एक बुद्धिबळ खेळतो, बॅडमिंटनचं सांग. मला काही सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी तिच्या सरांनी तिला सांगितलं की वेल्स नावाच्या एवढ्याशा देशाच्या केली मॉर्गनने १९९८ साली कॉमनवेल्थचं गोल्ड घेतलं होतं, सिंगल्समध्ये. तेव्हापासून पोरीच्या डोक्यात तेच आहे. वहीच्या मागच्या पानावर नाव लिहून ठेवलंय. मला रोज विचारते आणि मला काही येत नाही, मी बँकेत कॅशला बसते हो, शटलला आमच्या घरी मी अजून फूलच म्हणते.

तर मला हे कळत नाहीये की वेल्स म्हणजे इंग्लंडच ना? मग वेगळी टीम कशी? ती ऑलिंपिकला खेळली का? आणि मेन म्हणजे एवढ्या छोट्या जागेतून ती तिथवर पोचली कशी, काय वेगळं करतात ते लोक? जे कोणाला माहिती असेल ते सांगा.

---

जिमखान्याचे_काका

ताई, आधी पोरीला सांगा की पुण्यात ९ आणि ११ पॉइंट काढले म्हणजे काही वाईट नाही. मी पहिल्यांदा पुण्याला गेलो तेव्हा यापेक्षा वाईट हरलो होतो आणि तेव्हा तर पॉइंट मिळायचेच फक्त स्वतःच्या सर्व्हिसवर.

ते आधी सांगतो कारण केलीची गोष्ट त्या काळातली आहे. तेव्हा बायकांची सिंगल्स ११ ची असायची, पुरुषांची आणि डबल्स १५ ची, आणि सर्व्हिस ज्याची त्यालाच पॉइंट. समोरच्याची सर्व्हिस असताना रॅली जिंकली तर पॉइंट नाही, फक्त सर्व्हिस तुमच्याकडे यायची. त्यामुळे व्हायचं काय की स्कोअरबोर्ड ४-३ वर पंधरा मिनिटं अडकून पडायचा, दोघी घामाने निथळतायत आणि आकडा हलतच नाहीये. आत्ताची २१ ची सिस्टीम २००६ ला आली. आजची मुलं दोन चुका केल्या की घाबरतात, तेव्हा दोन चुकांनी काही जायचं नाही पण दम मात्र जायचा. त्या सिस्टीममध्ये क्वालालंपूरच्या उकाड्यात आठवडाभर खेळून गोल्ड घेणं ही साधी गोष्ट नव्हे, हॉलमध्ये एसी असला तरी.

१९९८ ची कॉमनवेल्थ म्हणजे आशियात झालेली पहिली. बॅडमिंटन त्या स्पर्धेत १९६६ पासून आहे, आणि वेल्सला त्यात गोल्ड मिळालं ते फक्त केली मॉर्गनचं, आधी नाही आणि नंतर २०२२ पर्यंत पण नाही. म्हणजे त्यांच्याकडे प्रत्येक पोराला हे नाव शिकवत असतील असं मला वाटतं, जसं आपल्याकडे नंदू नाटेकरांचं शिकवायला पाहिजे आणि शिकवत नाहीत. नाटेकरांनी १९५६ ला सेलंगॉर स्पर्धा जिंकली, बाहेर जाऊन टायटल आणणारा पहिला भारतीय, सांगलीचा माणूस! आमच्या क्लबात त्यांचा साधा फोटो नाही, मी तीनदा बोललोय.

आणि ते कॉमनवेल्थचं महिला सिंगल्सचं गोल्ड नंतर कोणाकडे गेलं बघा. २०१० दिल्ली सायना, २०१४ ग्लासगो कॅनडाची मिशेल ली, २०१८ सायना परत, २०२२ बर्मिंगहॅम सिंधू. त्याच यादीत केली मॉर्गन आहे. मुलीला सायना-सिंधू माहिती आहेत ना, मग तिला सांगा की या दोघींच्या आधी त्या पायरीवर वेल्सची मुलगी उभी होती.

ऑलिंपिकचं विचारलंत, ती दोनदा खेळली, १९९६ अटलांटा आणि २००० सिडनी. मेडल नाही. पण तिथे ती वेल्सकडून नाही खेळली, ग्रेट ब्रिटनकडून खेळली. हा घोळ का आहे ते कोणीतरी नीट सांगा, मी सांगायला गेलो की माझाच घोळ होतो.

---

कार्डिफ_रिटर्न

काका मी सांगतो, मी तीन वर्षं कार्डिफला होतो कामासाठी (मूळचा इंदिरानगरचा).

ताई, रणजी बघा. आपल्या एका महाराष्ट्र राज्यातून तीन टीम खेळतात की नाही, महाराष्ट्र, मुंबई आणि विदर्भ. नाशिकचा पोरगा महाराष्ट्राकडून खेळणार, नागपूरचा विदर्भाकडून, रणजीला ते एकमेकांच्या जिवावर उठणार, पण टेस्टला सिलेक्ट झाले की दोघं एकाच टोपीत. तिकडे तसंच आहे, इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स यांची बॅडमिंटनची असोसिएशन वेगवेगळी. वर्ल्ड चॅम्पियनशिप, युरोपियन, थॉमस कप-उबेर कप (देशांच्या टीमच्या स्पर्धा), कॉमनवेल्थ, सगळीकडे वेल्स स्वतःच्या नावाने उतरतं, शर्टवर वेल्स. आणि चार वर्षांतून एकदा ऑलिंपिक आलं की सगळे एकदम ग्रेट ब्रिटन.

आता यात वेल्सच्या खेळाडूची खरी अडचण कुठे होते ते बघा. ऑलिंपिकला एका देशाच्या सिंगल्सच्या जागा मोजक्या. आत्ताच्या नियमात दोघं जायचे तर दोघंही पहिल्या सोळा रँकमध्ये पाहिजेत, नाहीतर एकच जागा. आणि ती जागा ब्रिटनची. म्हणजे वेल्सची मुलगी वेल्समध्ये नंबर एक असून काही उपयोग नाही, तिला इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या पोरींच्या पण पुढे राहायला लागतं. केली दोनदा गेली म्हणजे ती त्या सगळ्यांच्यात पुढे होती, हे विसरू नका. तिच्यानंतर रिचर्ड व्हॉन म्हणून एक मुलगा, तो पण सिंगल्सचा, तो पण वेल्सचा, तो २००० सिडनी आणि २००४ अथेन्स दोन्हीला गेला. म्हणजे सिडनीला ब्रिटनकडून वेल्सचे दोघं सिंगल्स खेळाडू होते. एवढ्याशा जागेसाठी हे लई आहे.

आणि एवढीशी म्हणजे किती ते सांगतो, हे मुलीला नक्की सांगा. वेल्सची लोकसंख्या साधारण ३१ लाख. आपल्या नाशिक जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेत ६१ लाख होती. आख्खा वेल्स देश आपल्या जिल्ह्याच्या निम्मा आहे!! मला तिकडे असताना हे कळलं तेव्हा मी ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटलो होतो. आणि त्या ३१ लाखांत पण ज्याच्या अंगात जरा ताकद आहे तो रग्बीला जातो. शहराच्या अगदी मधोमध रग्बीचं स्टेडियम आहे, मॅचच्या दिवशी रस्ते बंद करतात, म्हाताऱ्या आज्या लाल जर्सी घालून फिरतात. बॅडमिंटनला त्यातून उरलेलं जे मिळेल ते.

एक आठवण सांगतो. वेल्श इंटरनॅशनल म्हणून त्यांची स्पर्धा होते, मी होतो तेव्हा सोफिया गार्डन्सला नॅशनल सेंटरमध्ये होती, टॅफ नदीच्या कडेला, ग्लॅमॉर्गनचं क्रिकेट ग्राउंड बाजूलाच. आपली भारतातली पोरं येतात म्हणून मी आवर्जून गेलो होतो, डब्यात पोहे घेऊन. गर्दी अजिबात नव्हती, आईबाप, कोच आणि माझ्यासारखे चारदोन. एक वेल्सची मुलगी माझ्या समोरच्या कोर्टवर हरली, तिसऱ्या गेमला. तिने हात मिळवले, पाणी प्यायली, टॉवेल तसाच गळ्यात आणि सरळ शेजारच्या कोर्टाच्या मागच्या खुर्चीत जाऊन बसली, कारण तिच्या क्लबची छोटी मुलगी तिथे खेळत होती आणि तिच्यामागे बसायला कोणी नव्हतं. इंटरव्हल झाला की उठून जायची, हाताने दाखवायची की बॅकहँडला टाक, बॅकहँडला टाक. स्वतःची मॅच हरून पाच मिनिटं झाली नव्हती. मी तिचं नाव पण विचारलं नाही, पण ताई तुम्ही विचारलंत ना की ते काय वेगळं करतात, मला आधी तीच आठवली.

---

पंचवटी_एक्सप्रेस

सगळ्यांचा मान ठेवून बोलतो. कॉमनवेल्थला चीन नाही, इंडोनेशिया नाही, कोरिया नाही, डेन्मार्क नाही. १९९८ ला बॅडमिंटन म्हणजे हेच देश होते. मग त्या गोल्डवरून एवढं स्वप्न दाखवायचं का चौदा वर्षांच्या मुलीला? मी स्वतः मुलाच्या मागे आठ वर्षं घालवलीत, बारावीला खेळ सुटला, मार्क पण गेले. आईबापाने डोळे उघडे ठेवले पाहिजेत एवढंच म्हणणं आहे.

---

जिमखान्याचे_काका

भाऊ तुमचं म्हणणं खोटं नाही आणि मुलाचं ऐकून वाईट वाटलं, खरंच. चीन-डेन्मार्क नव्हते हे कबूल.

पण मग वेल्सच्या खेळाडूची बाकीची वर्षं बघा ना. कॉमनवेल्थ चार वर्षांतून एकदा, उरलेला सगळा वेळ ती युरोपात खेळणार आणि युरोपात कोण, तर डेन्मार्क. तेव्हा कॅमिला मार्टिन होती, १९९९ ची वर्ल्ड चॅम्पियन, सिडनीला सिल्व्हर. अशा लोकांच्यात दर महिन्याला जाऊन मार खायचा, परत यायचं, परत जायचं, आणि मग एकदा आपला ड्रॉ (कोणाची मॅच कोणाशी ती यादी), आपली जागा आली की ती सोडायची नाही. गोल्डला ड्रॉ सोपा होता म्हणून कोणी गोल्ड देत नाही, समोर आलेल्या सगळ्यांना हरवायलाच लागतं. मलेशियाचं घरचं पब्लिक होतं, इंग्लंड होतं, भारत होता.

आणि आपल्या कविता राऊतचं बघा. दिल्लीला २०१० ला दहा हजार मीटरमध्ये ब्राँझ, तिथे पण सगळं जग नव्हतं. म्हणून हरसूलकडच्या सावरपाड्याच्या मुलीचं ते मेडल कमी होतं का? त्या मेडलनंतर आपल्याकडे किती पोरी पहाटे पळायला लागल्या ते मी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर रोज बघितलंय.

---

पंचवटी_एक्सप्रेस

कविताचं उदाहरण दिलंत काका, मग गप्पच बसतो. ताई, खेळू द्या मुलीला. फक्त गणित आणि सायन्सची ट्यूशन सोडू नका एवढं ऐका माझं.

---

हॉलवरचा_सर

मी हिरावाडीच्या बाजूला कोचिंग करतो, मोठा कोच वगैरे नाही, पण पंधरा वर्षं पोरं बघतोय म्हणून लिहितो.

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नावर बोलतो, छोट्या जागेतून पोचतात कसे. छोट्या जागेची अडचण ना पैशाची असते ना कोर्टाची, म्हणजे असतेच, पण त्याहून मोठी अडचण स्पारिंगची. रोज समोर कोण उभं आहे. नाशिकमध्ये तुमच्या मुलीच्या वयाच्या, तिला हरवू शकतील अशा मुली किती? दोन, फार तर तीन. त्यांचा खेळ तिला पाठ आहे. ही क्रॉस ड्रॉप टाकणार (म्हणजे फूल हळूच तिरकं नेटजवळ), ती दमली की टॉस (मागे लाइनपर्यंत उंच मारलेला शॉट) शॉर्ट करणार, सगळं आधीच माहिती. मग पुण्यात एक अनोळखी मुलगी येते जी त्याच अ‍ॅक्शनमध्ये ड्रॉप पण टाकते आणि हाफ स्मॅश पण मारते, आणि आपली मुलगी अर्धा सेकंद उशिरा. २१-९ त्या अर्ध्या सेकंदाचे आहेत, स्टॅमिनाचे नाहीत.

वेल्समध्ये हेच दुखणं आहे, लोकसंख्याच तेवढी. ब्रिटनचं मोठं सेंटर मिल्टन कीन्सला, कार्डिफपासून रस्त्याने नाशिक-पुण्यापेक्षा थोडं जास्तच पडतं. तिथली मुलं एकतर तिकडे जातात नाहीतर घरी राहून जे मिळेल त्याच्याशी खेळतात. म्हणून माझ्याकडच्या चांगल्या मुलींना मी मुलांबरोबर टाकतो. चौदाच्या मुलीला सोळाचा मुलगा द्या, त्याला पूर्ण स्मॅश मारू द्या, तिला फक्त डिफेन्स. पहिले दोन आठवडे ती रोज चिडून घरी येईल. तिसऱ्या आठवड्यात तिची रॅकेट आपोआप खाली आणि पुढे यायला लागते, मी हे डोळ्यांनी बघितलंय, कितीदातरी.

दुसरी गोष्ट, अनोळखी हॉल. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे, हवा जरा विरळ, फूल जोरात जातं. मुंबईला जे ७७ नंबरचं (हा फुलाच्या स्पीडचा नंबर) फूल लाइनच्या आत पडतं ते आपल्याकडे एप्रिलमध्ये त्याच ताकदीने मारलं तर बाहेर. म्हणून आपली पोरं नकळत टॉस आवरून मारायला शिकतात आणि मुंबई-ठाण्याला गेली की सगळे टॉस मिडकोर्टला पडतात, समोरचा स्मॅश करून मोकळा. पालकांना वाटतं पोरगी घाबरली. घाबरलेली नसते हो, तिचा हात नाशिकच्या हवेचा झालेला असतो. तिथे एक दिवस आधी जा, एक तास तरी नॉकिंग करू द्या.

आणि डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे हवा एवढी कोरडी होते की पिसं कडकड तुटतात, एका गेमला तीन फुलं जातात आणि हल्ली डब्याचा भाव काय झालाय ते तुम्हाला माहितीच आहे. रात्री डब्याची दोन्ही झाकणं काढायची, पातेल्यात पाणी उकळून गॅस बंद करायचा आणि डबा वाफेवर धरायचा, पिसांची बाजू खाली, पंधरा-वीस सेकंद, जास्त नाही. मग झाकण लावून सकाळपर्यंत ठेवायचा. सोळाच्या सोळा पिसं मऊ होतात, आवाज पण बदलतो फुलाचा. माझ्याकडची मुलं हे घरी स्वतः करतात, आईला करायला लावत नाहीत.

एक गोष्ट मात्र मनाला लागलीय ती लिहितोच. २०२६ च्या ग्लासगो कॉमनवेल्थमधून बॅडमिंटन काढलं. फक्त दहा खेळ ठेवलेत, हॉकी पण नाही, कुस्ती पण नाही, शूटिंग नाही. आपल्या सगळ्यांना वाटलं भारताची मेडल गेली. पण भारताच्या खेळाडूला एशियन गेम्स आहेत, ऑलिंपिक आहे, तिरंगा सगळीकडे आहे. वेल्सच्या मुलीचा विचार करा. वेल्सचं नाव, वेल्सचा झेंडा आणि जिंकली तर वेल्सचं स्वतःचं गाणं वाजणार अशी सगळ्या खेळांची मिळून एवढी मोठी स्पर्धा तिच्यासाठी ती एकच होती. समजा एखादी मुलगी आज तेवीस वर्षांची आहे आणि चार वर्षं त्याच्यावरच डोळा ठेवून मेहनत करतेय, तिने काय करायचं? केली मॉर्गनला १९९८ ला जी संधी मिळाली ती या मुलींना २०२६ ला नाहीच, खेळून हरल्या असत्या तर चाललं असतं.

---

कार्डिफ_रिटर्न

सर अगदी बरोबर बोललात. त्यांचं राष्ट्रगीत कार्डिफच्या वरच्या अंगाला पाँटिप्रिड गावात १८५६ ला बापलेकाने मिळून केलं, एकाने शब्द, एकाने चाल. रग्बीच्या मॅचला आख्खं स्टेडियम ते म्हणतं तेव्हा मला त्यातला एक शब्द कळत नव्हता तरी अंगावर काटा यायचा. ऑलिंपिकला ते वाजत नाही, तिथे ब्रिटनचं वाजतं. क्वालालंपूरला केलीसाठी त्यांचं स्वतःचं वाजलं. एकाच मुलीसाठी, बॅडमिंटनमध्ये एकदाच.

---

कॉलेजरोडची_आई

सगळ्यांचे खूप खूप आभार, मी एवढी उत्तरं येतील असं धरलंच नव्हतं. रात्री जेवणं झाल्यावर सगळं तिला वाचून दाखवलं, बाबा पण टीव्ही बंद करून बसला.

जिल्ह्याच्या निम्मा देश हे ऐकल्यावर तिने मोबाइलवर स्वतः परत शोधून बघितलं, खरं आहे का म्हणून. मग म्हणाली म्हणजे आपल्याकडून दोन तरी निघायला पाहिजेत. पंचवटी दादा, ट्यूशन चालूच राहणार, वचन देते.

सर, मुलांबरोबर खेळण्याचं तुम्ही लिहिलंत ते मी तिच्या सरांशी बोलले, ते रविवारी सकाळी साडेसहाला मोठ्या मुलांच्या बॅचला घेतायत तिला. आणि ती हरून शेजारच्या कोर्टवर जाऊन बसलेली मुलगी होती ना कार्डिफची, तिच्याबद्दल मला दोनदा वाचायला लावलं. आमच्याकडे क्लबात एक नऊ वर्षांची चिमुरडी येते, तिची आई नोकरीवर असते, स्पर्धेला तिच्यामागे कोणी नसतं. ही म्हणे पुढच्या वेळी मी बसते.

आत्ता ओट्याजवळ उभी आहे, पातेलं गॅसवर ठेवलंय, मला विचारतेय वीस सेकंद कसे मोजायचे, फोन तर तुझ्या हातात आहे.